एका वाकळीचे तीन काठ

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर परळहून तीन भावंडं माझ्याकडे आली. थोरला भाऊ, मधली बहीण, धाकटा भाऊ. बरोबर जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं. आईचं वर्षश्राद्ध झालं होतं, चाळ पुनर्विकासात गेली होती आणि दहा बाय बाराच्या खोलीतलं सामान वाटून संपलं होतं. देव थोरल्याकडे गेले, भांडी बहिणीकडे, शिलाई मशीन धाकट्याकडे. एवढी गोधडी राहिली होती आणि ती सोडायला कोणीच तयार नव्हतं.

"मावशी, हिचे तीन भाग करून द्या," बहीण म्हणाली. "पण कापलेलं वाटू नये."

वीस वर्षं मी गोधड्या शिवते. लोक बहुतेक नवी शिवायला येतात, नाहीतर जुनीला ठिगळ लावायला. कापायला कोणी आलं नव्हतं. मी आधी सरळ नाही म्हटलं. चार-चार महिने एकेकाकडे ठेवा, असंही सुचवलं. त्यांचं आपापसात आधीच बोलून झालं होतं. थोरला म्हणाला, "अशानं ती वर्षातून तीनदा प्रवास करेल आणि कोणाच्याच घरी रुळणार नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस ठेवून जा, एवढंच म्हणाले.

हे सगळं इथे सविस्तर लिहिते, कारण या एका कामात काठाचे जवळजवळ सगळे प्रश्न एकदम समोर आले. गोधडी शिकवताना आपण टाक्यांवर तास घालवतो आणि काठाला शेवटची दहा मिनिटं देतो. प्रत्यक्षात गोधडी मरते ती काठापासून. मधला धावदोरा पन्नास वर्षं टिकतो, काठ दहा-पंधरा वर्षांत जातो.

ती मंडळी मूळची साताऱ्याकडची, त्यामुळे त्यांच्या तोंडी वाकळ. मी कोकणातली, माझ्या तोंडी गोधडी. पुढे दोन्ही शब्द येतील.

माप पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजे साठ इंच बाय नव्वद. लुगड्याचे साठ इंची दोन तुकडे घेऊन, पन्ह्याला पन्हा (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) जोडून ही लांबी काढलेली. त्यामुळे लुगड्याचे काठ तीन ठिकाणी आलेले: एक डोक्याशी, एक पायाशी आणि बरोबर मधोमध जोडावर दोन काठ शेजारी शेजारी. धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेरे घेत आत गेलेला. दोन ओळींमध्ये अर्धा इंच, कुठे कमी, कुठे जास्त. सगळ्या बाजूंचा शेवट जुन्या रीतीने केलेला: खालचं लुगडं दोन बोटं जास्त ठेवायचं, ते वर दुमडून घ्यायचं आणि त्यावरून पहिला धावदोरा टाकायचा. वेगळी पट्टी नाही, वेगळा गोट नाही. घरात जे आहे त्यातच काठ.

पायाकडचा काठ अजून धड होता, कारण तो गादीखाली खोचला जायचा. बाजूचे दोन्ही ठीक होते. डोक्याकडचा मात्र पार गेलेला. दिव्याखाली धरून बघितला. घडीच्या रेषेवर कापडाची जाळी झालेली, तेलाने ती पट्टी बाकीच्या गोधडीपेक्षा काळपट पडलेली आणि दोन्ही कोपरे झिजून गोल झालेले. याचं कारण साधं आहे. सरळ धाग्यावर दुमडलेल्या कापडात घडीच्या टोकाशी तेच दोन-तीन धागे लांबीभर येतात. हनुवटी घासते, हात ओढतो, ते सगळं त्या दोन-तीन धाग्यांवर. ते तुटले की घडी तोंडासारखी उघडते.

त्या उघड्या तोंडातून आत बघितलं, तर आतली दुसरी वाकळ दिसली. तिची कड दोन बोटं आत संपत होती. कळकट मांजरपाट, त्यावर लाल दोऱ्याचे टाके. जुनी गोधडी विरली की ती टाकायची नाही, तिच्यावर नवं लुगडं चढवायचं, ही आपल्याकडची रीतच. आतले पाच थर आणि वर-खाली एकेक लुगडं, असे सात थर. बहिणीला फोन करून सांगितलं, तर ती संध्याकाळी थोरल्याला घेऊनच आली. त्याने ती लाल टीप बोटाने चाचपली आणि म्हणाला, "ही संपातली." गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, वडील घरी बसले आणि आई लोकांचं शिवण घ्यायला लागली. उरलेल्या कापडाची ही वाकळ. तो तेव्हा आठ वर्षांचा होता आणि याच्याखाली झोपायचा. धाकट्याला तर आत काही आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी काम घ्यायचं ठरवलं.

कापायच्या आधी

फेऱ्यांच्या गोधडीला आडवी कात्री लावायची म्हणजे काय होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. साठ इंच रुंदी, अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी, म्हणजे एका कापात सुमारे एकशेवीस ओळी तुटणार. दोन कापांत त्याच्या दुप्पट. प्रत्येक ओळ दोन्हीकडून मोकळी होणार. धावदोरा सरळ जाणारा असतो, त्याला गाठ फक्त सुरुवातीला आणि शेवटी. मध्ये कापला की तो धुण्याधुण्यात मागे सरकत जातो आणि कडेचे थर सुटायला लागतात. मग वर कितीही सुंदर काठ लावा, आतून गोधडी पोकळ होते.

म्हणून कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, पाव-पाव इंचावर, आधी उलटी टीप मारून घेतली. उलट्या टिपेत सुई प्रत्येक वेळी मागे जाऊन पुढे येते, त्यामुळे ती ओळ सहज सरकत नाही. मशीनवर करून बघितलं होतं. सात थर पायाखाली जातात खरे, पण वरचा थर पुढे ढकलला जातो आणि खालचा मागे राहतो. घरच्या मशीनने हे काम करू नये, असं माझं मत पक्कं झालं आहे. हाताने साठ इंचाच्या चार ओळी, मेण लावलेला दुहेरी सुती दोरा, बोटात अंगुस्तान. चार संध्याकाळी गेल्या. त्याआधी गोधडी एकदा कोमट पाण्यात धुऊन, सावलीत दोन दिवस वाळवली होती. आटायचं असेल ते आधीच आटू दे.

मग तिघांना बोलावलं. कात्री मी चालवली, पण ते समोर असावेत असं मला वाटलं. डोक्याकडचा भाग थोरल्याला, कारण आईच्या शेवटच्या दिवसांत उशाशी तोच बसायचा. मधला बहिणीला. पायाकडचा धाकट्याला. वाटणी त्यांनीच केली, मी विचारलं फक्त एक: हा तुकडा तुमच्या घरी नेमका काय करणार?

काठ कोणता लावायचा, याचं उत्तर मला तरी नेहमी याच प्रश्नात सापडतं. रंग, नक्षी, लेस हे त्यानंतर.

थोरला म्हणाला, पांघरणार. रात्री टीव्ही बघताना पायावर घेणार आणि मशीनमध्ये धुणार. बहीण मुलुंडला राहते, तिला ती हॉलच्या भिंतीवर हवी होती. धाकट्याची मुलगी तीन वर्षांची, तिच्यासाठी. म्हणजे एक रोज धुतली जाणारी, एक कधीच न धुतली जाणारी आणि एक ओढली, लोळवली, कदाचित चावली जाणारी.

थोरल्याचा तुकडा, आणि माझी चूक

थोरल्याने आईचं शेवटचं इरकली लुगडं आणलं होतं. अंग सुती, काठ कृत्रिम रेशमाचे, लालभडक. त्याची इच्छा अशी की तोच काठ फाडून गोधडीला चारी बाजूंनी लावावा. दिसायला ते इतकं साजरं दिसणार होतं की मीही मोहात पडले. काठ उभा कापला, दुहेरी केला आणि लावला. दिसला छान. मग मी पाण्यात घातला.

वाळल्यावर कड लाटांसारखी झाली. सुती अंग थोडं आवळलं होतं, रेशमी काठ होता तेवढाच राहिला. डोक्याकडच्या दोन गोल कोपऱ्यांवर चुण्या तर आधीपासूनच होत्या, कारण सरळ धाग्यावर कापलेली पट्टी वळत नाही, तिला दुमडावंच लागतं. आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघितलं तर लाल रंगही सुटत होता. या तिन्ही गोष्टी मला आधी माहीत होत्या. वीस वर्षांत इतरांना सांगितल्याही होत्या. आईचं लुगडं म्हटल्यावर मी फडकं घासायचं विसरले. दोन दिवसांचं काम उसवलं आणि थोरल्याला फोन करून जे झालं ते सांगितलं.

मग त्याच लुगड्याचं अंग घेतलं, काठ बाजूला ठेवला. अंगाचं कापड दोनदा धुऊन घेतलं आणि उरेब कापलं. उरेब म्हणजे पंचेचाळीस अंशात, कापडाच्या कोनातून. दोन कारणं. एक, उरेब पट्टी ताणते, म्हणून गोल कोपऱ्यावरून चुणी न पडता जाते. दोन, तिच्या घडीवर एकच धागा लांबीभर येत नाही, शेकडो धागे तिरके येतात, म्हणून झीज वाटली जाते. जो काठ गेला होता तो नेमका याच कारणाने गेला होता.

हिशेब असा. तुकडा साठ बाय तीस, घेर एकशेऐंशी इंच. जोड आणि कोपऱ्यांसाठी बारा इंच जास्त, म्हणजे एकशेब्याण्णव. पातळ गोधडीला अडीच इंचाची पट्टी पुरते, पण सात थरांना मी तीन इंचाची घेतली. एकशेब्याण्णव गुणिले तीन, पाचशे शहात्तर चौरस इंच. म्हणजे चोवीस इंचाचा चौकोन. वाया जाणारं धरून सव्वीसचा कापला. हा गुणाकार पाठ करून ठेवावा. पट्टी शेवटच्या हातभर कमी पडली की त्याच रंगाचं कापड शोधत हिंदमाताची दुकानं पालथी घालावी लागतात, आणि जुन्या लुगड्याच्या बाबतीत तर तेही शक्य नसतं.

पट्ट्यांचे जोड तिरके घेतले, नाहीतर सगळे थर एका जागी साचून गाठ होते. पट्टी लांबीत दुहेरी दुमडली, उघडी बाजू गोधडीच्या कडेला लावली आणि कडेपासून तीन सुतांवर शिवली (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). शिवताना पट्टी हातात नुसती ठेवायची. ओढून लावली तर कड वाटीसारखी आत वळते, सैल लावली तर पुन्हा लाटा. कापलेल्या बाजूचे दोन कोपरे काटकोनी होते. तिथे कोपऱ्याच्या तीन सूत अलीकडे थांबून पट्टी वर तिरकी दुमडायची आणि तिथूनच सरळ खाली आणायची, पाकिटाच्या घडीसारखी. पलटल्यावर कोपरा आपोआप जुळतो. मागची बाजू हाताने हेम.

झिजलेली जाळी मी कापून टाकली नाही. थोरल्याने तसं सांगितलं नव्हतं, पण तेलाने काळी पडलेली ती पट्टी नव्या काठाच्या आत आहे तशी ठेवली. काठाचा रंग उतरलेला निळा आहे, नजरेत भरत नाही. मला तोच बरोबर वाटतो.

बहिणीचा तुकडा

मधल्या तुकड्याच्या दोन आखूड बाजूंना आईचा मूळ काठ होता, त्याला हात लावायचं कारण नव्हतं. साठ-साठ इंचाच्या दोन लांब बाजू कापलेल्या. तिथे चौकट दिसेल असा गोट लावला असता, तर तो तुकडा स्वतंत्र, पूर्ण गोधडी वाटला असता. बहिणीशी बोलताना लक्षात आलं की तिला ते नको आहे. आई जिथे सुरू करून पुढे गेली, त्या ओळी तशाच कडेपर्यंत जाताना दिसाव्यात, असं तिच्या बोलण्यात येत होतं, शब्द वेगळे असतील. कापलेलं वाटू नये म्हणणारी तीच होती.

म्हणून तिथे पूर्ण मागे वळणारी पट्टी लावली. सुलट बाजूला पट्टी ठेवून शिवायचं, मग ती सगळीच्या सगळी मागे पलटायची आणि मागून हेम करायची. समोरून काठ दिसतच नाही, गोधडी जणू हवेत संपते. जाड गोधडीत यात एक अडचण येते: शिलाईत सात थर एकावर एक आले की कड गोटीसारखी फुगते. त्यासाठी शिलाईच्या आतले थर पायऱ्यांसारखे कमी करत आणले, सगळ्यात आतला सगळ्यात आखूड. उलटी टीप मात्र कुठेही तुटू दिली नाही. मागे पट्टी पलटल्यावर कडेपासून एक सूत आत, फक्त पट्टी आणि खालचे थर धरून एक ओळ मारली, म्हणजे पट्टी पुढे डोकावत नाही.

थोरल्याच्या कामातून उसवलेला इरकली काठ इथे कामी आला. धुतली जाणार नसल्याने आटण्याची भीती नाही. मागच्या वरच्या बाजूला त्याची नळी करून शिवली, आणि रंगाची धास्ती म्हणून नळी आणि गोधडी यांच्यामध्ये पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर घातलं. त्या नळीतून दांडी जाते. समोरून तो लाल दिसत नाही, पण भिंतीवरून उचलली की दिसतो. समोर, बरोबर मध्यावर, जोडाचे दोन जुने काठ आडवे जातात.

मुंबईच्या भिंतीबद्दल तिला दोन गोष्टी बजावल्या. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, जुलैत तिला ओल येतेच. आणि दांडी भिंतीपासून इंचभर पुढे घ्या, मागून वारा खेळला पाहिजे. पावसाळा संपला की उतरवून एक दिवस सावलीत पसरायची.

धाकट्याचा तुकडा

इथे तीन बाजू आईच्या, एकच कापलेली. धाकट्याच्या बायकोला भुलेश्वरची सोनेरी लेस लावायची होती. लेस वाईट नसते, पण तीन वर्षांच्या मुलीच्या गालाला ती बोचते आणि धुण्यात जरीचे टोकदार धागे वर येतात. क्रोशाचा काठ मी स्वतःच नाकारला, त्याच्या भोकांत छोटी बोटं अडकतात. ती समजूतदार बाई, लगेच म्हणाली, "मग तुम्हीच सुचवा, मावशी."

मी समोसे सुचवले. शिंपीकाम करणाऱ्या बायका कापडाच्या त्रिकोणांच्या काठाला समोसा लेस म्हणतात, तीच ही, जरा मोठी. तीन इंचाचा चौकोन घ्यायचा, कोपऱ्याला कोपरा लावून दुमडायचा, मग पुन्हा एकदा दुमडायचा. सगळ्या कच्च्या कडा एका बाजूला येतात. ती बाजू तीन इंचाची, त्रिकोणाची उंची दीड. पाव इंच शिलाईत जातो, सव्वा इंच बाहेर दिसतो. एकाच्या घडीत दुसऱ्याचं टोक सरकवून दोन-दोन इंचावर बसवले की साठ इंचाला तीस लागतात.

कापड कुठलं, यावर घरात दोन रविवार चर्चा झाली म्हणे. शेवटी पिशवी आली: आजोबांचा शर्ट, आत्याचा फ्रॉक, धाकट्याचा शाळेचा पांढरा शर्ट, मोठ्या काकांची खाकी चड्डी, मुलीचं स्वतःचं बारशाचं झबलं. खाकी परत पाठवली. समोशात कापड चार पदरी होतं, जाड कापडाचे चार पदर म्हणजे लाकूडच. बाकीचे सगळे बसले. झबल्याचं मलमल फार पातळ होतं, त्याला आतून दुसऱ्या मलमलचा थर दिला.

त्रिकोण गोधडीच्या सुलट बाजूवर, टोकं आत वळवून ठेवले. वर एक बारीक पट्टी आणि सगळ्यातून एक टीप. मग पलटलं की टोकं बाहेर येतात, पट्टी मागे जाते आणि हेम होते. मुलांच्या गोधडीत ही टीप मी दोनदा मारते. मुलं समोसा धरूनच गोधडी ओढत नेतात.

जिथे कापलेली बाजू आईच्या बाजूंना मिळते, त्या दोन कोपऱ्यांवर जोड उघडा पडत होता. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर घडीच्या कापडाचं फूल शिवतात. त्याला त्या फुला म्हणतात, आणि फुला नसेल तर कवंदी नागडी, असं मानतात. मला ही कल्पना फार आवडते. दोन कोपऱ्यांवर दोन छोटी फुलं, आजोबांच्या शर्टाची, आणि जोड झाकला गेला.

यंदाचा पावसाळा गेल्यावर तिन्ही तुकडे मी मागवून बघितले. बहिणीचा भिंतीवर आहे तसाच, वरच्या डाव्या कोपऱ्यात थोडी धूळ. मुलीच्या तुकड्याचे तीसपैकी एकोणतीस समोसे घट्ट आहेत. झबल्याचा एक अर्धा सुटला आहे, कारण तिला झोपताना तोच हातात लागतो. तो मी परत शिवला, या वेळी तीनदा. थोरल्याच्या तुकड्याचा उरेब काठ वर्षभराच्या धुण्यानंतरही सपाट आहे. फक्त डोक्याकडे, बरोबर मध्ये, वीतभर पट्टा आत्ताच काळसर व्हायला लागलाय. त्याला विचारलं, धुऊन देऊ का? तो म्हणाला, राहू द्या.